सासूबाई आत, फवारा बाहेर

घटस्फोट झाला तेव्हा फवारे आणि मिस्त्रीणबाई यांनी सगळं रीतसर वाटून घेतलं. कपाट तिला, पलंग त्याला, मिक्सर तिला आणि मिक्सरचं झाकण चुकून त्याला. दुकान मात्र काही केल्या वाटता येईना. एकच शटर, एकच मोरी, एकच दिव्याचं बटण. शेवटी तिने जमिनीवर मधोमध पिवळ्या रंगाची रेघ मारली. रेघेच्या अलीकडे ती झाडं कापायच्या आणि गवत छाटायच्या मशिनी दुरुस्त करायची. पलीकडून तो त्याच मशिनी उचलून लोकांची झाडं तोडायला जायचा आणि मोडून परत आणायचा. त्यामुळे धंदा दोघांचाही बरा चालला होता.

लग्न होतं तोवर ती त्याला 'अरे' म्हणायची. घटस्फोटानंतर 'अहो'वर आली, आणि तेही कसं, तर मीटर तपासायला आलेल्या माणसाला म्हणतात तसं. "अहो, तुमची बादली रेघेच्या आत आलीय." फवारेला त्या 'अहो'चा जितका राग यायचा तितका तिच्या शिव्यांचाही कधी आला नव्हता.

'फवारे' हे त्याचं आडनाव नव्हतं. ते त्याला चिकटलं होतं, आणि चिकटवणारी तीच. गार पडलेलं इंजिन पटकन सुरू व्हावं म्हणून हवेच्या तोंडाशी मारायचा एक स्प्रे मिळतो. आत ईथर असतं, ठिणगीचं नुसतं नाव काढलं तरी भडकणारं. बाकीचे लोक तो डबा अडीनडीला काढतात. फवारे सकाळी चहाच्या आधी काढायचा. मशीन गार असो, गरम असो, आधी भुस्सकन एक फवारा, मग दोरीला हिसका. इंजिन खाड् करून उठलं की त्याच्या चेहऱ्यावर असा भाव, की जणू मेलेल्याला उठवलं.

"टू-स्ट्रोक आहे ते," लग्न होतं तेव्हापासूनच ती सांगायची. सांगून सांगून तिच्या जिभेला घट्टे पडले होते. "त्याला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळून जातं तेवढंच त्याच्या नशिबी. तुझा फवारा म्हणजे कोरडा जाळ. आतलं होतं नव्हतं तेवढं ऑइलही धुऊन नेतो. आणि फुटतो कधी, तर नको तेव्हा. पिस्टन वर यायच्या आत त्याच्या टाळक्यात हाणतो."

"पण उठतं ना?"

"थोबाडीत मारून उठवलेला माणूसही उठतोच की!"

समुपदेशनाच्या बाईंनी जेव्हा विचारलं, की तुमचं नेमकं बिनसलं कशावरून, तेव्हा मिस्त्रीणबाईने पर्समधून ओरखडे पडलेला पिस्टन काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. बाईंनी तो पिस्टन बोटाने थोडा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "दोघांनी थोडं फिरायला जात जा."

तर अशी ही जोडी. पुढे एके दिवशी पहाटे वादळ आलं. तासाभरात निम्म्या गल्ल्यांत झाडं आडवी. सकाळी फवारे दुकानात आला तोच त्याचा फोन वाजायला लागला. नाव दिसलं, 'आई'. त्याची स्वतःची आई नव्हे, तिची.

घटस्फोटानंतरही सासूबाईंनी जावयाला सोडलं नव्हतं. "घटस्फोट तुम्ही घेतलात," असं त्यांनी दोघांना एकदाच सुनावलं होतं, "मी कुठे सही केलीय?"

"जावईबापू," सासूबाई फोनवर अगदी हळू आवाजात बोलत होत्या, "जरा घरी येता का? करवत घेऊन. आणि तिला सांगू नका."

"काय झालं?"

"मी संडासात आहे."

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय बरं! ती मागची निलगिरी दारावर पडलीय. दार बाहेर उघडतं, ते उघडत नाही. अग्निशामकवाल्यांना फोन केला, तर म्हणे माणूस जखमी आहे का. म्हटलं, नाही. म्हणे मग संध्याकाळपर्यंत बसा. बसा म्हणे! बसूनच आहे ना मी!"

ती निलगिरी कलली आहे, काढू या, असं फवारे गेली दोन वर्षं सांगत होता. सासूबाईंना तिची सावली आवडायची. पण हे बोलून दाखवायची ही वेळ नव्हती, आणि सासूबाईंपुढे बोलून दाखवायची वेळ अशी कधी नसतेच.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याची चांगली, इंजिनाची करवत रेघेपलीकडे तिच्या टेबलावर पडली होती, पोट उघडं टाकून. गेल्या आठवड्यात ती जाम झाली होती, का ते विचारू नये. फळीवर राहता राहिली सासऱ्यांची जुनी करवत. सासरे गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. त्याने ती गुपचूप उचलली, डबा खिशात कोंबला, आणि वळतो तर मिस्त्रीणबाई शटरपाशी हाताची घडी घालून उभी.

"अहो, कुणाला विचारून घेतलीत ती?"

"आई संडासात अडकल्यात," फवारे म्हणाला. तिने तोंडावर विचारलं की कुठलीही गोष्ट त्याला पाच सेकंदांच्या वर लपवता यायची नाही, घटस्फोटाचं ते दुसरं कारण.

तिने हत्यारांची पिशवी भरली आणि त्याच्या टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

घरामागचं दृश्य पाहण्यासारखं होतं. परसाच्या कोपऱ्यातल्या त्या पत्र्याच्या खोलीवर निलगिरी अशी रेललेली, की जणू दमून खांद्यावर डोकं टेकलंय. बुंधा दारावर आडवा, फांद्या छपरावर. पत्रा मधोमध खोल दबलेला. वरच्या झरोक्यातून सासूबाईंचे फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं.

"तिला का आणलंत?" कपाळ म्हणालं.

"आई, घरात चांगलं बाथरूम बांधून दिलंय ना तुला? नळ, गरम पाणी, सगळं?" मिस्त्रीणबाई म्हणाली. "वादळात इथे यायचं काय नडलं होतं?"

"तिथे मला मोकळं वाटत नाही."

फवारेने बुंध्याभोवती एक चक्कर मारली. हे त्याचं क्षेत्र होतं. खोड वाकून ताणलेलं होतं. चुकीच्या जागी कापलं तर ते उसळेल, नाहीतर छप्पर घेऊन खाली बसेल. आधी खाली टेकू, मग छपरावरच्या फांद्या थोड्या थोड्या, मग बुंधा. डोक्यात सगळं नीट लागलं. आता फक्त करवत सुरू व्हायची खोटी.

करवत सुरू होईना.

त्याने चोक ओढून दोरी ओढली. पुन्हा ओढली. आडवी धरून ओढली, पाय देऊन ओढली, जीभ बाहेर काढून ओढली. इंजिन नुसतं घशात काही अडकल्यासारखं करायचं.

"टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे ते बघा," ती लाकडं आणायला जाता जाता म्हणाली. "बाबा होते तेव्हाचं असेल. ते ओता. प्लग काढून पुसा. मी टेकू आणते, तोवर दोरीला हात लावू नका."

ती घराच्या कोपऱ्याआड गेली. फवारेने झरोक्याकडे पाहिलं. कपाळ दिसत नव्हतं. त्याने खिशातून डबा काढला.

एकच मारायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण एवढी वर्षं पडून राहिलेल्या मशीनला एकाने काय होणार, म्हणून फिल्टर काढून त्याने कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडात डबा धरला आणि दाबूनच ठेवला. भुस्सऽऽऽ. तोंडातून ओघळ खाली आला. वर आणखी एक, नशिबाच्या नावाने. मग त्याने वाकून, थोबाड अगदी इंजिनावर आणून दोरी ओढली.

धाड्!

दोरीची मूठ त्याच्या हातातून उलटी खेचली गेली आणि बोटांवर सणसणीत बसली. त्याच क्षणी कार्ब्युरेटरच्या तोंडातून निळी जीभ बाहेर आली, त्याची डावी मिशी चाटून गेली आणि करवतीवर बसून जळायला लागली. फवारे मागच्या मागे चिखलात बसला. हातात अजून डबा होता.

"अरे माठ्या! डबा टाक! लांब टाक तो!"

मिस्त्रीणबाई टेकूची लाकडं टाकून धावत आली. परसात ओलं पोतं पडलं होतं, ते तिने करवतीवर फेकलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. फुसफुस झाली, काळा धूर निघाला, संपलं. तिने पोतं उचलून पाहिलं. थोडा रंग गेला होता. बाकी करवत फवारेपेक्षा बऱ्या स्थितीत होती.

फवारे चिखलात बसून राहिला होता. बोटं सुजायला लागली होती, जळक्या केसांचा वास सुटला होता, आणि तरी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, ती 'अरे' म्हणाली.

"उघड्या तोंडात मारलास? फिल्टर काढून? वर तोंड घेऊन वाकलास?" ती ओरडत होती. "सगळी मिशी तरी जाळायची होतीस, एका बाजूने शोभा आहे नुसती!"

एवढ्यात ती थांबली. नाक वर करून तिने हवा हुंगली. पोत्याचा धूर विरला होता, पण धुराचा वास जात नव्हता. आणि हा वास वेगळा होता. दोघांनी एकदम झरोक्याकडे पाहिलं. तिथून एक बारीक, निवांत रेघ वर चालली होती.

"आई," मिस्त्रीणबाई अगदी थंड आवाजात म्हणाली, "आत काय करतेयस?"

"देवाचं नाव घेतेय."

"देवाच्या नावाचा धूर निघतोय, आई."

आतून चुर्र असा आवाज आला, पाण्यात काहीतरी विझल्यासारखा.

"सिगारेट?" मिस्त्रीणबाई झरोक्याखाली येऊन उभी राहिली. "तू? बाबांच्या ओठांना सिगारेट लागली तर घर डोक्यावर घ्यायचीस!"

"माझ्यातल्या ओढायचे म्हणून," कपाळ म्हणालं.

"इथे तुझा जावई ईथर शिंपडतोय हवेत, आणि तू आत काडी पेटवून बसलीस! एक झुळूक तिकडे वळली असती तर..."

"मला काय ठाऊक बाहेर काय शिंपडताय! माझ्या काळात झाडं कुऱ्हाडीने तोडायचे!"

"आणि तुम्हाला माहीत होतं?" मिस्त्रीणबाई फवारेकडे वळली. पुन्हा 'तुम्ही'. फवारेने चेहरा निर्विकार ठेवायचा प्रयत्न केला. अर्ध्या मिशीने तो जमेना.

"पाकिटं कोण आणून देत होतं आईला?" तिने विचारलं.

"निलगिरीची सावली खरंच छान होती," फवारे म्हणाला.

भांडण आता कुठे रंगात येणार, इतक्यात छपराचा पत्रा कण्हला. लांबलचक, दातांखाली वाळू यावी तसा आवाज. बुंधा हातभर खाली सरकला आणि थांबला. झरोक्यातलं कपाळ नाहीसं झालं.

"आई?"

मिस्त्रीणबाई टाचा उंचावून झरोक्यात पाहायला लागली.

"आई!"

"आहे गं." आवाज खालून आला, आणि तो सासूबाईंचा वाटतच नव्हता. "पत्रा डोक्याला लागतोय. मी खाली बसलेय. जरा लवकर करता का?"

एवढ्या वर्षांत सासूबाईंनी कुणाला 'जरा' असा शब्द लावलेला फवारेने ऐकला नव्हता. त्याने लाकडं उचलली, बुंध्याखाली एक, फांदीखाली दुसरं असे टेकू घुसवले आणि खांद्याने दाबून पक्के बसवले. सुजलेली बोटं कुठे गेली ते त्याला आठवलंही नाही.

मिस्त्रीणबाई तोवर करवतीपाशी मांडी घालून बसली होती. तिने टाकीतलं जुनं पेट्रोल लांब नेऊन ओतलं. पिशवीतून ताजं, ऑइल मिसळलेलं पेट्रोल काढून भरलं. प्लग काढला, तो चिंब भिजला होता. तो पुसला, घासला. प्लगची वायर बाजूला वळवून तिने दोरी बऱ्याच वेळा सावकाश ओढली, आतला सगळा ईथर बाहेर निघून जावा म्हणून. मग चमचाभर मिश्रण प्लगच्या भोकातून आत सोडलं आणि प्लग लावला.

"ओढ."

त्याने ओढलं. इंजिन खोकलं, दोन दम टाकले आणि गप्प झालं.

"पुन्हा."

पुन्हा तेच. आतला रबरी पडदा वाळून कडक झाला असेल, पेट्रोल नीट ओढत नसेल. एरवी तिने मशीन खोलून, पडदा बदलून, दुसऱ्या दिवशी दिलं असतं. पत्रा पुन्हा कण्हला.

मिस्त्रीणबाईने फवारेकडे न पाहता हात पुढे केला.

"डबा दे."

"काय?"

"ऐकू येत नाही का? डबा."

त्याने चिखलातून डबा शोधून आणला. ती तो शर्टाला पुसत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो डबा नीट हातात घेतला होता. पुसता पुसता तिचं लक्ष छापलेल्या मजकुराकडे गेलं.

"यात ऑइल आहे," ती म्हणाली.

फवारे बुंध्याकडे बघायला लागला.

"टू-स्ट्रोकसाठी, ऑइल मिसळलेला, असं लिहिलंय. हा तो जुना कोरडा नाही. कधीपासून आणतोस?"

"झाली दोनेक वर्षं. तू त्या बाईंच्या टेबलावर पिस्टन ठेवलास ना, त्याच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"मग तू जिंकली असतीस ना!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने बघत होती की कसं, ते फवारेला शेवटपर्यंत कळलं नाही. "ऑइल असलं म्हणून काय आंघोळ घालायची असते?" ती शेवटी म्हणाली. "बघ. एकदाच दाखवते."

तिने फिल्टर परत बसवला. "आई, आत काही जळत नाहीये ना?" "नाही," आतून आलं. तिने करवत उचलून बुंध्यापासून दूर, मोकळ्या वाऱ्यावर नेली, हाताने चाचपून इंजिन गार असल्याची खात्री केली. मग डबा वीतभर लांब धरून फिल्टरवर एकच फवारा मारला, इतका छोटा की फवारेला वाटलं डबा संपलाय. कव्हर लावलं. डबा घराच्या ओट्यापलीकडे ठेवून आली. क्षणभर थांबली.

"तोंड लांब ठेव. आता ओढ."

त्याने ओढलं. करवत खोकली, कुरकुरली आणि मग घसा मोकळा करून रडायला लागली. सासऱ्यांची करवत. ती जरा वेळ नुसतीच चालू दिली, पेट्रोल नीट यायला लागेपर्यंत. डब्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

पुढचं काम फवारेचं होतं, आणि ते तो असं करायचा की बघणाऱ्याने गप्प बसावं. छपरावरच्या फांद्या टोकाकडून एकेक उतरवल्या. पत्रा हळूहळू वर आला. बुंध्याला आधी दबलेल्या बाजूने थोडं, मग ताणलेल्या बाजूने, मध्येच थांबून, ऐकून. मिस्त्रीणबाई त्याच्या खुणेसरशी टेकू सरकवत होती. एकदाही तिने शहाणपणा शिकवला नाही. शेवटचा तुकडा धप्पकन चिखलात पडला, दोघांनी तो लोटला आणि दार उघडलं.

सासूबाई बाहेर आल्या. केसांत पत्र्याचा गंज. लेकीने पुढे होऊन त्यांना धरलं, आणि त्यांनी धरू दिलं. फवारे करवत बंद करून उगाच साखळी तपासत राहिला.

मग सासूबाईंचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं.

"हे काय झालं?"

"फॅशन," फवारे म्हणाला.

सासूबाई हसल्या. आधी थोडं, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्या पाण्यातलं हसण्याचं किती आणि बाकीचं किती ते कुणी मोजलं नाही. मिस्त्रीणबाई आत जाऊन कात्री घेऊन आली आणि फवारेला ओट्यावर बसवून तिने उरलेली उजवी मिशीही उडवून टाकली. हात हलका नव्हता. मग तिने बर्फ आणून त्याच्या बोटांवर बांधला. गाठ मारताना ती "हल नकोस रे" म्हणाली.

ओट्यापाशीच ते तिघं बसले असताना कुंपणावरून शेजारचे मास्तर डोकावले. त्यांच्या फाटकावर झाड आडवं होतं, आणि मास्तरीणबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. करवत चालू आहे का?

फवारेने मिस्त्रीणबाईकडे पाहिलं. तिने करवतीला हात लावून पाहिला.

"गरम आहे," ती म्हणाली. "फवारा मारायचा नाही. आणि हा हात असा असताना दोरी मी ओढणार."

"तू ओढ. मी कापतो."

"मी काय करू?" सासूबाईंनी विचारलं.

"तू घरात जाऊन पड, आई."

"घरात मला मोकळं वाटत नाही," असं म्हणून सासूबाई टेम्पोत पुढच्या सीटवर चढल्या, काच खाली केली, आणि मास्तरांच्या फाटकापर्यंतच्या पन्नास पावलांत गाडी कशी चालवावी ते जावयाला सांगायला लागल्या.